चार दिवसांचा दारूगोळा

“आजी, पोरगी रडून नाई राहिली,” एवढं नातसून बोलली आणि फोन तुटला.

त्याआधी एक आवाज आला होता. फोनमधून तो पत्र्यावर पोतं आपटल्यासारखा ऐकू आला, त्यापेक्षा जास्त काही नाही. मग तिचं खोकणं, मग वरून काहीतरी घसरत खाली येतंय असा आवाज, आणि मग हे वाक्य. सकाळचे साडेसात झाले होते. मी अमरावतीला आमच्या घराच्या ओसरीत हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. मी परत फोन लावला, लागला नाही. मुलाने त्याच्या फोनवरून लावला, तोही लागला नाही. नातवाचा फोन तर दोन दिवसांपासून बंद होता.

माझा नातू फौजेत आहे. तो तेव्हा सीमेवरच्या एका चौकीवर होता. क्वार्टर मिळायला वेळ होता म्हणून त्याने चौकीच्या मागच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. नातसून अकोल्याची. बाळंतपण माहेरी झालं, पण मुलगी बापाला दिसली पाहिजे म्हणून ती सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन तिकडे गेली. महिनाभर राहून परत येणार होती. तेवढ्यात लढाई सुरू झाली.

घरात मी आणि माझा मुलगा असे दोघंच. नातवाची आई तो बारावीत असतानाच वारली. मुलगा तहसील कचेरीत बाबू होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्या सकाळी आतल्या खोलीत टीव्ही चालू होता आणि खालच्या पट्टीवर अक्षरं पळत होती की शत्रूकडचा दारूगोळा संपत आला. मुलाने आवाज बारीक केला. बंद मात्र केला नाही.

ही पट्टी चार दिवसांपूर्वी सुरू झाली होती. पहिल्या दिवशी टीव्हीवर एक निवृत्त साहेब नकाशावर काठी ठेवून सांगत होते की पलीकडच्यांकडे चार दिवस पुरेल इतकाच माल आहे. तोफा जुन्या आहेत, तेल नाही, माणसं पळून चालली आहेत. ही माहिती सरकारी गोटातली आहे, असं खाली लिहून येत होतं. मुलगा मांडी घालून ऐकत होता. जेवताना त्याने मला ते सगळं पुन्हा सांगितलं, जसं काही त्यानेच मोजून आणलं होतं.

मी विचारलं, हे कोणी मोजलं.

“माय, आकाशातून फोटो काढतात. त्याईले सगळं दिसते.”

“पऱ्हाटीचं खालचं बोंड दिसते का आकाशातून?”

तो हसला. कापसाचं झाड वरून वाळलेलं दिसतं, पानं गळलेली असतात, बांधावरून पाहणारा म्हणतो की संपलं आता. वेचणाऱ्या बाईला वाकावं लागतं, म्हणून तिला माहीत असतं की जमिनीजवळ बोंडं अजून बंद आहेत आणि आठ दिवस ऊन लागलं की फुटणार आहेत. मी तीस-पस्तीस वर्षं कापूस वेचला आहे. मी ते सहज बोलले होते, पण बोलल्यावर मलाच ते खरं वाटायला लागलं.

त्याच दिवशी दुपारी नातवाचा फोन आला. दोन मिनिटं होती त्याच्याकडे. तोही तेच म्हणाला.

“आजी, साहेबाईनं सांगतलं, चार दिवसाचाच माल हाय त्यायच्यापाशी. अन् आमच्या खोलीपर्यंत त्यायचा गोळा पोचतच नाई. तू काहून भेते?”

“कोनं मोजला माल?”

“मोजनारे हायेत ना, आजी.”

“तू पायलं का त्याईले मोजतानी?”

तो म्हणाला, आजी, तू तुझे घाटे सोल. फोन ठेवताना हसत होता. मला राग आला नाही. फौजेत राहायचं तर वरून आलेलं खरं धरावं लागतं, नाहीतर माणूस एक पाऊल पुढे टाकणार नाही. पण मी फौजेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी नातसुनेला फोन केला. तोफा, तेल हे काही मी विचारलं नाही, मला त्यातलं कळत नाही. मी विचारलं की दूधवाला येतो का, शाळा चालू आहे का, दुकानदाराने माल भरला का, आणि घरमालकाकडे काय चाललं आहे. ती म्हणाली, सगळं ठीक आहे, फक्त आजपासून दूध पुडीचं आणावं लागतंय. का, तर घरमालकाने चारही म्हशी काल ट्रॉलीत घालून बहिणीच्या गावाला पाठवल्या. तिला त्याची गंमत वाटत होती. म्हणाली, “आजी, इथं मानसं बसले हायेत अन् म्हशी गावाले गेल्या.”

मला गंमत वाटली नाही. दुभती म्हैस जागेवरून हलवली की आटते. शेतकरी हे टीव्ही पाहून करत नाही. त्याच्या बापाने, आज्याने तिथे लढाया पाहिल्या असतील. मी मुलाला सांगितलं की तिला आणू. तो म्हणाला, म्हशीवरून लढाई कळते का.

तिसऱ्या दिवशी सकाळी नातसुनेचाच फोन आला. घरमालक आपल्या दोन्ही सुनांना आणि त्यांच्या पोरांना बहिणीकडे पोचवत होता; त्याचे मुलगे म्हशींबरोबर आधीच तिकडे गेले होते. तो तिला म्हणाला होता की ट्रॉलीत जागा आहे, तूही बाळाला घेऊन चल, तिथून पुढे बस मिळेल. ती काय करू म्हणून विचारत होती. ट्रॉली अर्ध्या तासात निघणार होती.

मुलाने फोन स्पीकरवर ठेवला. त्याने सांगितलं की उघड्या ट्रॉलीत, एवढ्या थंडीत, सहा महिन्यांच्या लेकराला घेऊन जायचं काही काम नाही. उद्या त्यांचा माल संपतोय. नवरा म्हणतो थांब, सरकार म्हणतं धोका नाही, मग पळून जाऊन त्या पोराची मान खाली घालायची का. तो वाईट बोलत नव्हता. त्याला नातीला सर्दी होईल याचीच खरी भीती होती.

मी म्हणाले, “जाय बाई. बस ट्रॉलीत.”

मुलगा माझ्याकडे वळला. “माय, तुयी शाळा चौथीपर्यंत, अन् तू फौजेचा हिशेब काढून राहिली. तुले काय मालूम, हे आकडे कसे निघतात ते?”

मला माहीत होतं. उत्तर माझ्या तोंडात होतं, पण मी ते गिळलं. ते का गिळलं, हे इथे लिहायला पाहिजे.

माझा नवरा तेल्हाऱ्याकडच्या एका गावात कोतवाल होता. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. दवंडी द्यायची, नोटीस पोचवायची, साहेब आले की शेत दाखवायचं. गावात पीक किती आलं हे सरकारला कळावं म्हणून दरवर्षी एकदोन शेतांत दोरी लावून चौकोन आखायचे. त्या चौकोनातला कापूस वेगळा वेचायचा, वेगळा तोलायचा आणि त्यावरून सगळ्या गावाचं पीक ठरवायचं. पूर्ण पीक म्हणजे रुपया धरायचा. पन्नास पैशांच्या खाली आलं तर गावाला सारा माफ, शाळेतल्या पोरांना परीक्षेची फी माफ. वर आलं तर काही नाही. चौकोन राखायचं काम नवऱ्याकडे असायचं आणि त्यातला कापूस वेचायचं माझ्याकडे.

एका वर्षी नवरा कोणाला न सांगता अकोल्याला लग्नाला गेला. तो तिकडे असताना रोही, म्हणजे नीलगायींचा कळप, त्या चौकोनात शिरला. तिसऱ्या वेचणीचा कापूस यायचा होता, तो सगळा खाऊन, तुडवून गेला. दोन दिवसांनी तलाठी आले. आमच्या दारात बाजेवर बसले, मांडीवर वही घेतली आणि विचारलं, तिसरी वेचणी किती निघाली. नवरा माझ्याकडे पाहत होता. खरं सांगितलं असतं तर तू कुठे होतास हा प्रश्न आला असता आणि त्याची नोकरी गेली असती. मी म्हणाले, साडेसहा किलो. तलाठ्यांनी चहा घेतला आणि लिहून घेतलं. शेताकडे कोणी गेलं नाही.

तो आकडा तहसीलला गेला, तिथून अकोल्याला गेला, पुढे कुठे गेला मला माहीत नाही. गावाचं पीक पन्नास पैशांच्या थोडं वर निघालं. त्या वर्षी कोणाला काही माफ झालं नाही. माझ्या मुलालाही शाळेत परीक्षेची फी भरावी लागली, हाच मुलगा. लोक सरकारला शिव्या देत होते आणि मी त्यांच्यात बसून ऐकत होते. तलाठी लबाड नव्हते. त्यांना रकाना भरायचा होता. मलाही लबाडी करायची नव्हती, मला नवऱ्याची नोकरी राखायची होती. वर बसून तो कागद वाचणाऱ्याला मात्र त्यात चांगला तोललेला साडेसहा किलो कापूस दिसला असेल.

तेव्हापासून सरकारी आकडा ऐकला की तो पहिल्यांदा कोणाच्या तोंडातून निघाला असेल आणि त्या माणसाला कोणाची भीती होती, हे माझ्या मनात येतं. शत्रूच्या गोळ्यांचंही कोणीतरी कोणाला तरी सांगितलं असेल. सांगणाऱ्याचा साहेब समोर बसला असेल, आणि साहेबाला काय ऐकायचं आहे ते त्याला कळत असेल. पलीकडच्यांची ताकद किती होती हे मला ठाऊक नव्हतं. कमी आहे असं सगळे एका सुरात बोलत होते, त्याची मला धास्ती वाटत होती.

हे मुलाला सांगायचं तर त्याच्या बापाचं नाव निघालं असतं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मुलगा त्याच्या प्रामाणिकपणाचे दाखले आपल्या कचेरीतल्या लोकांना द्यायचा. मी गप्प बसले. नातसून फोनवर थांबली होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाली, बरं, राहते मी. ट्रॉली निघून गेली.

चौथ्या दिवशी शेजारची गिरणीवाली आली. तिची पिठाची गिरणी आहे, आमचं दळण तिच्याकडेच असतं. तिचा जावई इथली संत्री ट्रकने उत्तरेत नेतो. ती दारातूनच म्हणाली, “बाई, जमाई भरी गाडी घेऊन वापस आला.” मंडी बंद होती. व्यापाऱ्यांनी मालाला हात लावला नाही, आणि रस्त्याने सगळी गर्दी इकडे येणारी होती, तिकडे जाणारं कोणी नव्हतं. संत्री आता इथेच पडेल भावाने विकावी लागणार म्हणून ती वैतागली होती. माझी नातसून तिकडेच आहे हे तिच्या लक्षात नव्हतं. लक्षात आल्यावर ती तिच्या घरच्या हिंदीवर आली आणि म्हणाली, “उसको बुला लो, बाई.”

मी मुलाला विचारलं नाही. तो भाजी आणायला गेला तेव्हा मी नातसुनेला फोन लावला आणि घरमालकाकडे फोन दे म्हणाले. माझी हिंदी जशी आहे तशी. मी म्हणाले, भाऊ, हमारी पोट्टी को और उसकी माँ को वहाँ से निकालो. तो म्हणाला, माताजी, मैंने तो कल ही कहा था. मी म्हणाले, हाँ, गलती हमारी है. त्याने सांगितलं की आज ट्रॅक्टर पंक्चर आहे, उद्या सकाळी लवकर तिला बस मिळते तिथपर्यंत सोडतो. मला ते पुरेसं वाटलं. फोन परत घेऊन नातसून म्हणाली, बांधते मी सामान. दोन दिवस ती रात्री आवाज ऐकत होती आणि आम्हाला सांगत नव्हती.

मुलगा भाजी घेऊन आल्यावर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “आजच तर शेवटचा दिवस हाय, माय. उद्या तं सगळं थंडं होनार.” पण नको म्हणाला नाही. रात्री त्याने तिच्या बापाला अकोल्याला फोन करून सांगितलं की पोरगी येते आहे.

आणि पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला ती मला निघते म्हणून सांगायला फोन करत होती, तेव्हा तो आवाज आला.

त्यानंतर सहा तास काही कळलं नाही. मुलाने टोल फ्रीचे नंबर लावले, युनिटचा नंबर लावला, कचेरीतल्या जुन्या साहेबांना विचारलं. सगळे म्हणाले, तिकडे विशेष काही झाल्याची खबर नाही. मी घाटे सोलून संपवले. दुसरं काय करणार होते? दहा वाजता गिरणीवाली आली आणि बाजूला बसली.  अकरा-साडेअकराला ती गिरणी उघडायला गेली.

ती गेल्यावर मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. “माय, तुले कसं समजलं होतं?”

मी त्याला साडेसहा किलोंची गोष्ट सांगितली. रोही, लग्न, बाज, वही, त्याचा बाप, सगळं. सांगताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.  संपल्यावर तो बराच वेळ जमिनीवरची टरफलं गोळा करत राहिला.

“मी तीस वर्सं असेच कागद वर पाठवले,” तो म्हणाला. “एकदाई शेतात गेलो नाई.”

मग तो आत गेला आणि त्याने टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं.

दुपारी दीड वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी कोणी बाई रडत होती, मग नातसून बोलली. तिचा आवाज बसलेला होता, पण ती नीट सांगत होती. गोळा माडीवर पडला. ती सामान घेऊन जिना उतरून खाली आली होती, म्हणून वरच्या खोलीबरोबर गेली नाही. जिन्याची भिंत तिच्या अंगावर आली. मुलगी तिच्या हातात होती. मुलीच्या तोंडात आणि नाकात माती गेली होती, म्हणून ती रडत नव्हती. घरमालकीण चुलीपाशी होती. ती धावत आली, बोट घालून तिने मुलीच्या घशातली माती काढली आणि तिला पायांना धरून उलटं टांगलं. तेव्हा ती रडली.

घरमालक ट्रॅक्टर दाराशी लावत होता. त्याने नुकतंच इंजिन चालू केलं होतं. माडीचा सगळा पुढचा भाग त्याच्यावर पडला. गावातल्या लोकांनी त्याला दोन तासांनी काढलं. तो तिथेच गेलेला होता.

त्या वेळी तो आमच्यासाठी दारात होता. मी आदल्या दिवशी फोन केला नसता तर तो कुठे असता, हे मला सांगता येत नाही. कदाचित रिकाम्या गोठ्यात चारा रचत असता. गोठ्याला काही झालं नाही. आणि तिसऱ्या दिवशी मी गप्प बसले नसते तर नातसून ट्रॉलीत बसून गेली असती आणि त्याला परत ट्रॅक्टर काढावा लागला नसता. हे दोन्ही मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं आहे. त्यात मला सूट मिळत नाही, आणि मी ती मागतही नाही.

नातसून चार दिवसांनी अकोल्याला पोचली. मुलगा स्टेशनवर आणायला गेला होता. गोळे त्यानंतरही आठवडाभर पडत होते. टीव्हीवर त्या आठवड्यात नवीन आकडा आला, पहिल्या आकड्याचं कोणी नाव काढलं नाही. लढाई थांबल्यावर नातू सुटीवर आला तेव्हा मी त्याला विचारलं की साहेब आता काय म्हणतात. तो म्हणाला, साहेबांनाही वरूनच आलं होतं, आजी. मग त्याने मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाजवळ चुटकी वाजवून पाहिली. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं. ते राहणार की जाणार, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

घरमालकिणीला मी एकदा फोन केला. काय बोलायचं हे मी ठरवलं होतं, पण तिने बोलू दिलं नाही. तिने मुलगी दूध पिते का विचारलं. मी पिते म्हणाले. मग तिने फोन ठेवला. तिच्या घराला सरकारी मदत मिळावी म्हणून मुलाने इथून तीन अर्ज लिहून पाठवले. किती नुकसान झालं या रकान्यात काय लिहायचं हे त्याने तिच्या मुलाला फोन करून एकेक वस्तू विचारून भरलं. त्याला त्यात दोन दिवस गेले.

त्या सकाळी त्या घरात चार माणसं होती. त्यातली नातसून, तिची मुलगी आणि घरमालकीण अशा तिघी जगल्या.